बंद पडलेल्या लाकडी विजेच्या खांबावर अँटेना: कितपत भरवसा ठेवावा?

लांबतरंग
नमस्कार मंडळी,
आमच्या अंगणाच्या कोपऱ्यात एक जुना लाकडी खांब उभा आहे. पूर्वी त्यावरून घराला वीज यायची. पुढे लाईन जमिनीखालून गेली, तारा उतरवल्या, खांब मात्र तिथेच राहिला. जमिनीवर साधारण १० मीटर असेल. वर एक गंजलेला कंस आणि चिनीमातीचा एक इन्सुलेटर अजून दिसतो.

हौशी रेडिओचा परवाना हातात आल्यापासून मी गच्चीच्या कठड्याला बांधलेल्या तारेवर भागवतोय. रोज खिडकीतून हा खांब दिसतो आणि वाटतं, आयता मास्ट (अँटेना धरणारा उंच खांब) उभा आहे, वापरत का नाही? आधी ४० मीटर बँडचा (साधारण ७ मेगाहर्ट्झचा) डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली साधी तार, उलट्या व्हीसारखी टांगलेली. सगळं नीट जमलं तर पुढे २० मीटर बँडची तीन एलिमेंटची यागी, म्हणजे ओळीत तीन दांड्या असलेली, एका दिशेला जोर देणारी अँटेना.

विचारायचं हे की असा खांब एवढा भार घेईल का? तो आतून चांगला आहे हे ओळखायचं कसं? वर न चढता काम होतं का? आणि लाकडामुळे अँटेनावर काही परिणाम होतो का? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

(१) जुना_लाईनमन
भाराचं नंतर बघू. आधी खांब कोणाचा ते सांगा.

तुमच्या अंगणात आहे म्हणून तो तुमचा होत नाही. वीज कंपनीने तारा काढल्या तरी खांब बहुतेक वेळा कंपनीच्या दप्तरी तसाच असतो. तिच्याकडून लेखी घ्या की हा खांब वापरातून काढला आहे आणि तुमच्या ताब्यात दिला आहे. तोंडी 'हो हो, वापरा' यावर एक खिळासुद्धा ठोकू नका.

दुसरं, तारा दिसत नाहीत म्हणजे खांब मेला, असं धरून चालू नका. बुंध्याशी जमिनीखालची केबल येऊन थांबलेली असू शकते. खणायच्या आधी केबल कुठून गेली आहे ते कंपनीकडून आखून घ्या.

आणि जवळपास चालू लाईन असेल तर हा विषय इथेच संपतो. खांब पडला, मास्ट पडला, तार तुटून उडाली, काहीही झालं तरी त्याचा कुठलाही भाग लाईनपर्यंत पोहोचता कामा नये. मास्टची पूर्ण उंची, त्यात अँटेनाची लांबी, आणि त्यावर किमान तीन मीटर मोकळे. एवढं अंतर चारी बाजूंना नसेल तर दुसरी जागा शोधा. हौशी रेडिओत याच कारणाने माणसं दगावलेली आहेत.

(२) तांबडी_तार
काका, मुद्दा पटला. पण चालू खांबावर खाली, तारांपासून खूप लांब, डायपोलचं एक टोक बांधलं तर काय बिघडतं? दोरच असतो तो. बरेच जण करतात.

(३) जुना_लाईनमन
बरेच जण करतात आणि त्याचा त्रास वर चढणाऱ्याला होतो.

लाकडी खांबावर चढताना बुटाला लोखंडी काटे बांधलेले असतात. प्रत्येक पावलाला काटा लाकडात रुततो, त्याच्यावर सगळं वजन. त्या जागी खिळा, स्टेपल किंवा हूक असला की काटा रुतत नाही, घसरतो. रात्री, पावसात, बिघाड शोधायला चढलेला माणूस तिथून खाली येतो. शिवाय खिळ्याच्या टोकाने रबरी हातमोज्याला बारीक भोक पडलं तर ते दिसत नाही, आणि पुढचं काम चालू तारेवर असतं. मी अशा खांबांवर चढलेलो आहे. म्हणून सांगतो, चालू खांबाला दोरसुद्धा नाही. उंची कितीही असो.

(४) तांबडी_तार
हे माहीत नव्हतं. यापुढे कोणी विचारलं तर हाच प्रतिसाद दाखवेन.

(५) गणिताची_वही
भाराचा हिशोब मांडते. आकडे ढोबळ आहेत, पण चित्र कळेल.

वाऱ्याचा दाब = ०.६१३ × वेग × वेग. वेग मीटर प्रति सेकंदात घेतला की दाब न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये मिळतो. वादळी वारा ४० मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी १४४ किमी धरला तर दाब येतो ९८१, म्हणजे चौरस मीटरमागे साधारण १०० किलो.

२० मीटरच्या तीन एलिमेंटच्या यागीचं वाऱ्याला अडवणारं क्षेत्र ०.६ चौ.मी. धरू. जोर झाला ६० किलो. ती ११ मीटर उंचीवर असेल तर बुंध्याशी ६६० किलो-मीटर (किलो गुणिले मीटर, अंतराचे किलोमीटर नव्हेत) इतका वाकवणारा जोर.

आता खुद्द खांब. सरासरी जाडी २४ सेंमी, उंची १० मीटर, म्हणजे २.४ चौ.मी. तो गोल असल्यामुळे सपाट फळीपेक्षा कमी धरा, तरी दीडशे किलोच्या पुढेमागे. हा जोर मध्यावर, म्हणजे ५ मीटरवर धरला की बुंध्याशी साधारण ७५० किलो-मीटर. म्हणजे वादळात बुंध्यावर यागीपेक्षा खांबाचाच भार जास्त! यागी लावल्यावर ताण जवळपास दुप्पट होतो, एवढंच.

खांब किती घेतो? अमेरिकेच्या एएनएसआय ओ५.१ मानकात खांबांचे वर्ग आहेत. वर्गाचा आकडा जितका लहान तितका खांब दणकट. वर्ग ५ च्या खांबाने शेंड्याच्या ६० सेंमी खाली १९०० पौंडांचा, म्हणजे ८६० किलोंचा आडवा ओढ सोसावा अशी अपेक्षा. तुमच्या उंचीला बुंध्याशी हे आठ हजार किलो-मीटरच्या वर जातं. आपला भार आहे चौदाशे. नवा खांब असेल तर सहज पेलेल.

पण तुमचा नवा नाही. गोल लाकडाची वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे बदलते. बाहेरून कुजून व्यास २०% कमी झाला तर ताकद ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे ५१% उरते. निम्मी! आणि डोळ्यांना खांब जेमतेम बारीक झालेला दिसतो.

डायपोलचा विचारच करू नका. २ मिमी जाडीची २० मीटर तार, क्षेत्र ०.०४ चौ.मी. खांबाला ती जाणवणारही नाही.

(६) सुतारपक्षी
गणिताची_वही ताई, तुमच्या शेवटच्या मुद्द्यावरूनच पुढे जातो. लाकूड माझा धंदा आहे.

लाकूड कुजायला ओल आणि हवा दोन्ही लागतात. वर हवा आहे पण लाकूड वाळतं. खोल जमिनीत ओल आहे पण हवा कमी. दोन्ही एकत्र भेटतात ते जमिनीच्या रेषेपाशी, अर्धा हात वर आणि हातभर खाली. खांब जातो तो इथे. वरचे दहा मीटर ठणठणीत आणि मातीआडचा वीतभर भाग भुसभुशीत, असे कितीतरी खांब असतात. त्यामुळे वर बघून काही ठरवू नका. बुंध्याभोवती ४५ सेंमी खोल माती काढा. लाकूड ब्रशने साफ करा. मग जाड पेचकस घेऊन टोचत एक पूर्ण फेरी मारा. चांगल्या लाकडात टोक अडतं आणि उपटल्यावर लांब, चिवट सळ निघते. कुजलेल्या लाकडात टोक लोण्यात गेल्यासारखं जातं आणि तुकडा आखूड, ठिसूळ तुटतो.

मग हातोडी. जमिनीपासून डोक्याएवढ्या उंचीपर्यंत चारी बाजूंनी ठोकत जा. खणखणीत आवाज आला आणि हातोडी उडाली तर ठीक. बद्द आवाज आला तर त्या जागी बारीक गिरमिटाने भोक पाडून भुसा बघा. कोरडा, फिकट, वास ताजा: चांगलं. गडद, ओलसर, पीठ झालेला: कूज. गिरमिट एकदम आत गेलं तर पोकळी. भोक तसंच उघडं सोडू नका. आत लाकूड टिकवणारं द्रव्य घालून लाकडी खुंटीने बंद करा.

(७) कप्पीवाला
पोकळ निघाला की खांब बाद, हे तरी सरळ आहे.

(८) सुतारपक्षी
नाही हो, उलट आहे. बाहेरून कुजणं हे पोकळ असण्यापेक्षा जास्त वाईट.

(९) कप्पीवाला
हे काही पटत नाही. आतून खाल्लेला खांब बाहेरून खाल्लेल्यापेक्षा चांगला कसा?

(१०) गणिताची_वही
सुतारपक्षी बरोबर आहेत. वाकताना सगळा ताण बाहेरच्या थरावर येतो, गाभा जवळजवळ रिकामाच बसलेला असतो. व्यासाच्या निम्म्यापर्यंत गोल पोकळी असली तरी १ वजा ०.५ चा चौथा घात, म्हणजे ९४% ताकद शिल्लक राहते. तोच निम्मा व्यास बाहेरून गेला तर उरते साडेबारा टक्के.

(११) सुतारपक्षी
पण यावरून 'पोकळ चालतो' असा अर्थ काढू नका. पोकळी मधोमध क्वचितच असते. एका बाजूला सरकलेली असते, तिथली भिंत पातळ पडते आणि खांब तिथून फुटतो. चांगल्या लाकडाची भिंत सगळीकडून निदान ५ सेंमी भरली पाहिजे. आणि पोकळीत ओल साचून कूज वाढतच राहते. आज मोजलेली भिंत काही वर्षांनी तेवढीच असेल असं नाही.

(१२) कप्पीवाला
आलं लक्षात. ९४ टक्क्यांचा आकडा पाहून चकित झालो.

आता माझ्या प्रांतातलं. लांबतरंग, तुम्ही विचारलंत वर न चढता जमेल का. माझं ठाम मत: चढूच नका. जुन्या खांबावर शिडी टेकवणंही नको, कारण शिडीचा आणि तुमचा भार त्याच खांबावर जातो ज्याची खात्री अजून झालेली नाही. बादलीची लिफ्ट (माणसाला बादलीत उभं करून वर उचलणारी गाडी) एक दिवसासाठी मागवा. ती स्वतःच्या पायांवर उभी असते, खांबाला स्पर्शही करत नाही.

त्या एका फेरीत वर कप्पी बसवून घ्या आणि आयुष्यभर जमिनीवरून काम करा. कप्पी स्टेनलेस स्टीलची, चाक आणि भिंत यांच्यात दोर अडकणार नाही एवढी घट्ट. दोर पॉलिस्टरचा, काळा. नायलॉन ओला झाला की ताणतो, पॉलिप्रॉपिलीन उन्हात पिठूळ होऊन तुटतं. दोराची अखंड माळ करा, म्हणजे दोन्ही टोकं जोडून टाका. मग अँटेनाकडचा भाग सुटला तरी दुसऱ्या बाजूने ओढून खाली आणता येतो. एकेरी दोराचं टोक वर कप्पीतून निसटलं की पुन्हा लिफ्ट.

लिफ्ट वर असतानाच शेंड्यावर टोपी बसवा. पत्र्याची किंवा जाड प्लास्टिकची. शेंड्याचा कापलेला भाग पावसाचं पाणी सरळ आत शोषतो.

(१३) रानवाट
शेंड्याला सुतारपक्ष्याने भोकं पाडलीत का तेही बघा. इथल्या सदस्याने नाही, खऱ्या पक्ष्याने :)

(१४) सुतारपक्षी
हाहा. खरा पक्षी माझ्यापेक्षा चांगला तपासनीस आहे. पण चेष्टेची गोष्ट नाही, त्याच्या घरट्याच्या भोकातून पाणी आत जातं आणि शेंड्याकडून कूज सुरू होते. लिफ्टमधून शेंडाही ठोकून बघाच.

(१५) सात_मेगाहर्ट्झ
अँटेनाबद्दल कोणी बोलेना म्हणून लिहितो.

१० मीटर उंची म्हणजे ४० मीटर बँडला पाव तरंगलांबी. एवढ्यावर डायपोलचा जोर सरळ वर जातो आणि काही शे किलोमीटरच्या आतल्या स्टेशनांशी बोलायला हे उत्तम. फार लांबची स्टेशनंही मिळतील, पण त्यासाठी परिस्थिती साथीला हवी. २० मीटर बँडला हीच उंची अर्धी तरंगलांबी होते आणि जोर साधारण ३० अंशांवर येतो. म्हणजे २० मीटरला तुमचा खांब लांबच्या गप्पांसाठी छान आहे, यागी नसली तरी. आधी साधे डायपोल लावून वर्षभर ऐका. मग यागीची गरज वाटते का ते ठरवा.

लांबी १४२.६ भागिले मेगाहर्ट्झ. ७.१ ला २०.१ मीटर. उलट्या व्हीचा कोन ९० अंशांपेक्षा कमी करू नका, १२० च्या आसपास ठेवा. टोकं माणसाच्या हाताला लागणार नाहीत एवढी उंच. पाठवताना टोकांशी व्होल्टेज भरपूर असतं, चांगलं पोळतं.

लाकडाचा परिणाम: लोखंडी मनोऱ्याच्या मानाने नगण्य, आणि लाकडी मास्टचं खरं सुख हेच आहे. मनोऱ्याचं लोखंड आपल्या तारेबरोबर वाजायला लागतं, लाकूड गप्प उभं राहतं. उभी तार लावणार असाल तर मात्र ती खांबाला चिकटवू नका, १०-१५ सेंमी बाहेर धरा. ओलं लाकूड थोडी शक्ती खातं आणि पाऊस आला की ट्यूनिंग सरकतं.

(१६) तांबडी_तार
लाकूड वीज वाहून नेत नाही, म्हणजे आकाशातल्या विजेची काळजी कमी, बरोबर ना?

(१७) जुना_लाईनमन
चूक. लाकडी खांबावर वीज पडली की आतल्या ओलीची क्षणात वाफ होते आणि खांब उभा फाटतो. ढलप्या लांबवर उडतात. म्हणून शेंड्यापासून जमिनीपर्यंत तांब्याची जाड तार सरळ खाली आणायची, वळणं न देता, आणि खाली २.४ मीटरच्या सळीला जोडायची. कोएक्स (रेडिओ आणि अँटेना जोडणारी केबल) घरात शिरतो तिथे सर्ज अरेस्टर, म्हणजे विजेचा अचानक आलेला झोत जमिनीकडे वळवणारा भाग.

सर्वांत महत्त्वाचं, ही सळी घराच्या मुख्य अर्थिंगला जोडलेली हवी. दोन अर्थिंग वेगवेगळी ठेवलीत तर वीज पडल्यावर दोघांत हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो तुमच्या रेडिओतून वाट काढतो. थेट पडलेल्या विजेपासून पूर्ण बचाव कशानेच होत नाही. ढग गडगडायला लागायच्या आधी कोएक्स काढून घराबाहेर ठेवायची सवय लावा.

(१८) सात_मेगाहर्ट्झ
काका, एक पुरवणी. १० मीटर उभी, खाली अर्थ केलेली तार म्हणजे ७ मेगाहर्ट्झला बरोबर पाव तरंगलांबी. ती स्वतःच अँटेना होते! आडवा डायपोल मधोमध टांगला आणि दोन्ही भुजा सारख्या ठेवल्या तर दोघांचा एकमेकांवर फारसा परिणाम होत नाही, त्यामुळे लांबतरंग यांना अडचण नाही. पण त्याच खांबावर ४० मीटरची उभी अँटेना लावणाऱ्याला ही तार छळते. अर्थिंग काढून टाकणं हा त्यावर उपाय नव्हे. उभी अँटेना दुसरीकडे न्या.

याच कारणाने डायपोलच्या मध्यावर चोक बालन (कोएक्सच्या बाहेरून वाहणारा प्रवाह अडवणारा भाग) हवाच, नाहीतर खाली येणारा कोएक्सही तोच उद्योग करतो.

(१९) ओळंबा
ज्यांच्याकडे आयता खांब नाही त्यांच्यासाठी लिहितो. नवा खांब रोवताना लांबीच्या १०% अधिक ६० सेंमी एवढा जमिनीत जातो. १२ मीटरच्या खांबाला १.८ मीटर. भोवती काँक्रीट ओतून टाका म्हणजे हलणार नाही.

(२०) सुतारपक्षी
खोलीचा नियम बरोबर, काँक्रीटला माझा विरोध. लाकूड वाळलं की आकसतं, काँक्रीट आकसत नाही. मधल्या फटीत पाणी उभं राहतं आणि नेमक्या जमिनीच्या रेषेशी लाकूड भिजत बसतं. फोडलेली खडी घाला. वीतभर थर, त्यावर धुम्मस, पुन्हा थर. पाणी खाली निघून जातं.

(२१) ओळंबा
माझा अनुभव मऊ, पाणथळ मातीचा आहे. तिथे खडीवर खांब वर्षभरात कलला, काँक्रीटवर नाही.

(२२) सुतारपक्षी
तशा मातीत खांब जास्त खोल न्यायचा किंवा तणावे द्यायचे. माती आधार देत नसेल तर तो खोलीतून आणि तणाव्यांतून आणावा, लाकूड भिजवून नव्हे. यावर आपलं एकमत व्हायचं नाही असं दिसतंय, पण दोन्ही बाजू वाचणाऱ्यांसमोर आहेत हे बरं.

(२३) ओळंबा
मान्य. तणावे दिले तर काँक्रीट लागणार नाही, हेही खरं.

(२४) रानवाट
थोडं अवांतर. लाकडी मास्ट म्हणजे तडजोड, असा सूर काही जण लावतात म्हणून सांगावंसं वाटलं. पोलंडमधल्या ग्लिवित्सेचा रेडिओ मनोरा १९३५ सालचा, लार्चच्या लाकडाचा, सांधे पितळी बोल्टांचे, अजून उभा आहे. उंची शंभर मीटरच्या वर. जर्मनीतल्या म्युलाकरचा लाकडी मनोरा तर १९० मीटरचा होता, १९४५ मध्ये युद्धाच्या शेवटी पाडला गेला. लोखंड अँटेनाच्या कामात लुडबूड करतं हे त्या लोकांना तेव्हाच कळलं होतं.

आणि वाऱ्याला कमी लेखलं की काय होतं तेही इतिहासात आहे. मार्कोनीने इंग्लंडमधल्या पोल्धूला वर्तुळात २० मास्ट उभे केले होते. सप्टेंबर १९०१ च्या वादळात ते सगळे कोसळले. त्याने घाईने दोन मास्टवर पंख्यासारखी तारांची अँटेना टांगली आणि त्याच वर्षी १२ डिसेंबरला अटलांटिकपलीकडे संदेश ऐकू आल्याचं जाहीर केलं.

(२५) कप्पीवाला
वीस मास्ट पडले आणि दोनवर काम झालं. वा!

(२६) खरखर
विषय खांबांचाच आहे म्हणून विचारतो. माझ्या घराजवळच्या चालू खांबातून ४० मीटर बँडवर सतत करकर येते. पाऊस पडला की थांबते. एकाने सांगितलं की खांबाला घणाचा दणका देऊन बघ, आवाज बदलला तर तोच खांब दोषी.

(२७) जुना_लाईनमन
कृपया दणका देऊ नका! सैल झालेला बोल्ट किंवा तडकलेला इन्सुलेटर वर असेल तर दणक्याने तार खाली येते आणि तुम्ही खालीच उभे असता.

पावसात थांबतं म्हणजे बहुधा सैल धातूंमधली ठिणगी. कोरड्या हवेत फट उघडी राहते, ओल आली की ती मिटते. हातात बॅटरीवरचा एएम रेडिओ घेऊन रस्त्याने फिरा. जितक्या वरच्या फ्रिक्वेन्सीवर आवाज टिकतो तितके तुम्ही उगमाजवळ. खांबाचा क्रमांक लिहून वीज कंपनीला कळवा. काम त्यांचं आहे.

(२८) हिरवी_वही
खांबाला लावलेल्या द्रव्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. काळपट, डांबरासारखा वास येणारा खांब म्हणजे क्रिओसोट. ते कातडीला लागून वर ऊन पडलं की भाजल्यासारखे चट्टे उठतात. हिरवट झाक असेल तर सीसीए, म्हणजे क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक. भोक पाडताना हातमोजे आणि मास्क, भुसा कागदावर गोळा करायचा. कापलेले तुकडे चुलीत किंवा शेकोटीत कधीही नाही, सीसीएच्या राखेत आर्सेनिक उरतं. विहिरीजवळ किंवा भाजीच्या वाफ्याला लागून असा खांब नवीन रोवू नका.

(२९) लांबतरंग
एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे मनापासून आभार. मधल्या काळात काय झालं ते सांगतो.

जुना_लाईनमन काकांचं ऐकून आधी कंपनीला पत्र दिलं. त्यांनी माणूस पाठवला, केबल खांबापासून लांबून गेली आहे हे आखून दाखवलं आणि खांब माझ्याकडे दिल्याचं लेखी दिलं. छातीच्या उंचीला पत्र्याची एक चकती आहे, काजळी पुसल्यावर त्यावर वर्ग ५ वाचता आला.

मग माती काढली. तीन बाजू कडक आहेत. उत्तरेकडे, जिथे भिंतीची सावली आहे, तिथे पेचकस दोन सेंमी सहज आत जातो आणि निघणारं लाकूड चॉकलेटी, चौकोनी तुकड्यांचं आहे. त्याच्या मागे टणक लागतं. गिरमिटाने दोन ठिकाणी पाहिलं, गाभा भरीव. बुंध्याचा व्यास २८ सेंमी.

(३०) गणिताची_वही
सगळीकडून दोन सेंमी गेलं असं वाईटात वाईट धरू. २८ चा झाला २४. भागाकाराचा घन ०.६३. म्हणजे ६३% ताकद, प्रत्यक्षात याहून जास्त, कारण कूज एकाच बाजूला आहे. डायपोलला हरकतच नाही. यागीलाही कागदावर पुरतं, पण कागदावर कूज थांबलेली असते. मी असते तर यागी लावली नसती.

(३१) सुतारपक्षी
मीही हेच म्हणेन. चौकोनी तुकडे म्हणजे तपकिरी कूज, ती लाकडाची ताकद दिसण्याआधीच घालवते. मऊ भाग खरवडून काढा, तांब्याचं नॅफ्थनेट (लाकूड टिकवणारं द्रव्य) लावा, भोवती खडी भरा म्हणजे पाणी थांबणार नाही. दरवर्षी पुन्हा उकरून बघा.

यागीच हवी असेल तर एक मार्ग आहे. कुजलेला भाग जमिनीच्या ३० सेंमी वरून कापून टाका. ९.७ मीटर चांगलं लाकूड उरेल. तेच दुसऱ्या जागी १.६ मीटर खोल रोवा, वर आठ मीटर मिळतील. कापलेल्या तोंडाला द्रव्य भरपूर पाजा, कारण कारखान्यात ते फक्त बाहेरच्या थरात मुरवलेलं असतं, गाभा कोरा असतो. हे क्रेन आणून करायचं काम आहे. एवढा खांब चार-पाचशे किलोंचा असतो, दोर लावून माणसांनी पाडायचा नाही.

(३२) सात_मेगाहर्ट्झ
आणि यागीवाल्यांसाठी आणखी एक: लाकडी खांब वाळताना पीळ घेतो. आज उत्तरेला लावलेली अँटेना काही महिन्यांनी काही अंश फिरलेली सापडते. रोटेटरचा (अँटेना फिरवणाऱ्या मोटरचा) दर्शक अधूनमधून जुळवावा लागतो. बोल्टही पहिल्या वर्षात सैल होतात, लाकूड आकसतं ना.

(३३) लांबतरंग
ठरलं. यागी नाही, डायपोलच. लिफ्ट बोलावली, कप्पी आणि टोपी बसली, शेंडा ठोकून पाहिला, खणखणीत आहे. जुना कंस हातानेच निघाला इतका गंजलेला होता. त्याच्यावरून दोर टाकायचा विचार माझ्या डोक्यात होता, बरं झालं तुमच्याकडून लिफ्टचं कळलं. तांब्याची तार खाली आणून घराच्या अर्थिंगला जोडून घेतली.

२०.१ मीटरची तार वर गेली. गच्चीवर जी स्टेशनं गोंगाटात बुडायची ती आता स्वच्छ ऐकू येतात. फक्त एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळली आहे ते सांगणारा आकडा, कमी तितका चांगला) सर्वांत कमी ६.९५ मेगाहर्ट्झवर दिसतोय, ७.१ वर नाही. मास्टचा काही दोष?

(३४) सात_मेगाहर्ट्झ
खांबाचा दोष नाही. उलट्या व्हीची टोकं जमिनीजवळ आली की तार लांब असल्यासारखी वागते. ७.१ वर आणायला एकूण ४२-४३ सेंमी कमी करायचे, म्हणजे प्रत्येक बाजूने साधारण २१. पण कापू नका. आधी टोकाकडून तेवढीच तार मागे दुमडून बघा.

(३५) लांबतरंग
दुमडलेली तार तशीच लोंबती ठेवली तर चालेल?

(३६) सात_मेगाहर्ट्झ
नाही. मूळ तारेला घट्ट गुंडाळून घ्या. लोंबती राहिली तर वाऱ्याबरोबर एसडब्ल्यूआर हलत राहतो. आता कप्पी आहेच, खाली उतरवा, दुमडा, वर चढवा आणि मोजा.